डीबीएस सर्जरी: बाबांच्या पार्किन्सनसाठी केली, सविस्तर रिव्ह्यू

बाबांची डीबीएस झाली. डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे मेंदूत खोलवर बारीक वायर बसवायची, तिच्यातून सतत हलका करंट सोडायचा आणि तो करंट देणारी बॅटरी छातीत कातडीखाली ठेवायची, असं ते ऑपरेशन. आता सेटिंग बऱ्यापैकी बसलंय म्हणून लिहायला घेतलं, कारण आमचा निर्णय चालू होता तेव्हा एकतर बटण दाबलं की थरथरणारा हात थांबतो असे व्हिडिओ मिळायचे नाहीतर घाबरवणारे मेसेज, मधलं खरं सांगणारं कुणी भेटलं नाही. आधी निकाल सांगून टाकते. थरथर, अंग आखडणं आणि गोळीचा असर उतरल्यावर होणारे हाल, या तिन्हीसाठी मी याला जवळजवळ पूर्ण मार्क देईन. बोलणं आणि तोल यासाठी फारच कमी. आणि ऑपरेशनचा दिवस हा या सगळ्यातला छोटा भाग आहे, खरी सर्व्हिस नंतरच्या प्रोग्रॅमिंगमध्ये, म्हणजे करंटचं सेटिंग पेशंटला जुळवून घेण्यात असते, त्यामुळे कुठे करायचं ते ठरवताना सर्जनचं नाव बघाच पण प्रोग्रॅमिंग कोण करणार आणि ते किती वेळ देणार हे त्याहून जास्त बघा.

ऑपरेशनआधीची अवस्था अशी होती की बाबांचा दिवस गोळीवर चालायचा. लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सनची मुख्य गोळी, घेतली की थोड्या वेळाने ऑन, मग चालणं, बटणं लावणं, पेपर वाचणं सगळं जमायचं, आणि पुढच्या गोळीच्या बऱ्याच आधी ऑफ, म्हणजे खुर्चीतून उठायलाही दोघं लागायचे. सुरुवातीची वर्षं गोळी छान चालते, पण मेंदूतल्या डोपामिन, म्हणजे हालचालीला लागणारं रसायन, तयार करणाऱ्या पेशी कमी होत गेल्या की प्रत्येक डोसचा असर आखूड होत जातो. डोस वाढवला तर डिस्कायनेशिया, म्हणजे अंग आपोआप वळवळत, झुलत राहतं, बघणाऱ्याला वाटतं थरथर वाढली पण ती वेगळी गोष्ट आहे. बाबा या दोन टोकांच्या मध्ये अडकले होते, ऑफमध्ये दगड आणि ऑनमध्ये अंग स्वस्थ नाही. न्यूरोलॉजिस्ट म्हणाले की डीबीएसचा विचार करायची वेळ नेमकी हीच असते, गोळी अजून काम करतेय पण एकसारखी करत नाहीये.

तेव्हा मी वाचायला लागले. या ऑपरेशनची आजची पद्धत फ्रान्समधल्या ग्रनोबलला सुरू झाली, १९८७ साली, न्यूरोसर्जन आलीम-लुई बेनाबिद आणि न्यूरोलॉजिस्ट पिएर पोलाक यांनी. त्याआधी थरथरीसाठी मेंदूतला थॅलॅमसचा छोटासा भाग जाळून टाकायचे, आणि जाळण्याआधी जागा बरोबर आहे का ते बघायला तिथे करंट देऊन तपासायचे. बेनाबिदांच्या लक्षात आलं की सेकंदाला शंभराच्या आसपास किंवा त्याहून जास्त वेळा करंट दिला की थरथर तिथल्या तिथे थांबते आणि करंट बंद केला की परत येते, मग जाळायचं कशाला, वायर तिथेच राहू द्यावी. दुसरीकडे अमेरिकेत मॅहलॉन डेलाँग यांच्या टीमने १९९० मध्ये दाखवलं की पार्किन्सनसारखी लक्षणं असलेल्या माकडांमध्ये सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाचा भाग निकामी केला की हालचाल सुधारते. ही दोन कामं एकत्र आली आणि १९९३ पासून त्याच भागात वायर बसवायला सुरुवात झाली. २०१४ ला बेनाबिद आणि डेलाँग या दोघांना लास्कर हा वैद्यकशास्त्रातला मोठा पुरस्कार मिळाला. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, थरथरीसाठी १९९७ ला आणि पार्किन्सनच्या बाकी लक्षणांसाठी २००२ ला परवानगी दिली. हे सगळं सांगायचं कारण, घरात बाबांचे भाऊ सारखे म्हणत होते की हा नवीन प्रयोग आहे, वाट बघू. प्रयोग नाहीये हो, जगभर दीड लाखाहून जास्त लोकांमध्ये ही वायर बसलीय.

सर्जरीआधीच्या तपासण्यांबद्दल मात्र जरा थांबून लिहिते, कारण अर्धा निकाल तिथेच ठरतो. सगळ्यात महत्त्वाची टेस्ट म्हणजे लेव्होडोपा चॅलेंज. रात्रीपासून गोळ्या बंद ठेवून सकाळी ऑफमध्ये पेशंटला तपासतात, बोटं आपटायला लावतात, उठून चालायला लावतात, मनगट फिरवून आखडलेपणा बघतात आणि मार्क देतात, मग नेहमीपेक्षा थोडा मोठा डोस देऊन ऑन झाल्यावर तेच सगळं परत. साधारण तीस टक्के तरी फरक पडला पाहिजे असं धरतात. यामागचं सूत्र एवढंच की गोळीने जे सुधारतं तेच डीबीएसने सुधारतं, फक्त दिवसभर एकसारखं. बाबांच्या सगळ्यात चांगल्या ऑनमध्ये जे जमत होतं ते दिवसातला बराच वेळ जमायला लागेल, त्यापलीकडचं मागू नका. याला अपवाद थरथरीचा, ती गोळीला दाद देत नसली तरी डीबीएसला देऊ शकते. हे सूत्र ज्याला पटलंय तो पेशंट नंतर समाधानी असतो, मी वेटिंग रूममध्ये बसून हे इतक्यांदा बघितलंय.

मग एमआरआय, आणि स्मरणशक्ती व मूडची लांबलचक तपासणी, सायकॉलॉजिस्टबरोबर. बाबा कंटाळले पण ती टाळू नका. स्मृतिभ्रंश असेल तर हे ऑपरेशन करत नाहीत, आणि डिप्रेशन असेल तर आधी त्याचा इलाज. शिवाय पार्किन्सनसारखे दिसणारे दुसरे आजार असतात, एमएसए (मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रोफी), पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लियर पाल्सी), त्यांना डीबीएसचा फायदा होत नाही, म्हणून आजाराला चार-पाच वर्षं तरी होऊ देतात, तोवर खरा पार्किन्सन आहे की दुसरं काही ते कळलेलं असतं. पण याचा अर्थ अगदी शेवटपर्यंत थांबायचं असाही नाही. २०१३ मध्ये अर्लीस्टिम नावाचा अभ्यास आला होता, २५१ पेशंट, चढउतार नुकतेच सुरू झालेले, दोन वर्षांनी डीबीएस केलेल्यांचं जीवनमान सरासरी २६ टक्क्यांनी सुधारलं आणि नुसत्या गोळ्यांवर असलेल्यांचं जवळजवळ तिथेच राहिलं. आमच्या घरात निर्णय या अभ्यासामुळे झाला असं म्हटलं तरी चालेल.

जागा कुठली यावरही चर्चा झाली. मेंदूतल्या दोन जागांचे पर्याय असतात, वर सांगितलेला सबथॅलॅमिक न्यूक्लियस किंवा ग्लोबस पॅलिडस नावाचा भाग. पहिल्यात गोळ्या बऱ्याच कमी करता येतात, दुसऱ्यात गोळ्या फारशा कमी होत नाहीत पण डिस्कायनेशिया थेट कमी होतो आणि मूड किंवा विचारशक्ती थोडी नाजूक असेल तर काही डॉक्टर तिकडे वळतात. २०१० च्या एका मोठ्या तुलनेत, २९९ पेशंट होते, हालचालीतली सुधारणा दोन्हीकडे सारखीच निघाली. बाबांना गोळ्यांचा भार कमी करायचा होता म्हणून पहिला पर्याय.

ऑपरेशनचं सांगायचं तर आदल्या रात्रीपासून गोळ्या बंद हा भाग बाबांना सगळ्यात जड गेला, ऑपरेशनपेक्षाही. सकाळी डोक्याला फ्रेम लावतात, सुन्न करायची इंजेक्शनं देऊन, मग सीटी स्कॅन, आणि तो आधीच्या एमआरआयवर जुळवून कॉम्प्युटरवर रस्ता आखतात की रक्तवाहिन्या चुकवून वायर कुठून कशी जाईल. टार्गेट काही मिलिमीटरचंच असतं त्यामुळे एकदोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी फरक पडतो. कवटीला साधारण दीड सेंटिमीटरचं भोक दोन्ही बाजूंना. मेंदूला स्वतःला दुखत नाही, म्हणून पेशंट जागा ठेवता येतो. बाबा सांगतात की ड्रिलचा आवाज मोठा होता, दुखलं नाही, आणि मग स्पीकरवर खरखर ऐकू यायला लागली, त्या त्यांच्याच पेशींच्या ठिणग्या. बारीक इलेक्ट्रोड पुढे सरकवतात तसा आवाज बदलतो आणि त्यावरून कळतं की न्यूक्लियसमध्ये शिरलो. मग करंट देऊन हात उघडमीट कर, आकडे म्हण, वाक्य म्हण. उजवा हात सैल पडला तो क्षण बाबांना स्पष्ट आठवतो, ते म्हणतात हात परत माझा झाला. ज्यांना जागं राहणं झेपणार नाही त्यांच्यासाठी पूर्ण भूल देऊन, स्कॅनच्या आधाराने करायची पद्धतही आहे, चांगल्या टीमकडे तिचेही निकाल चांगले आहेत, उगाच घाबरून नाही म्हणू नका. बॅटरी बसवायचा टप्पा मात्र बहुतेक पूर्ण भूल देऊन, गळपट्टीच्या हाडाखाली खिसा करतात आणि वायर कानामागून मानेतून कातडीखालून खाली आणतात. मानेत ती वायर थोडी ताणल्यासारखी वाटते, बाबांना आता सवय झालीय.

नंतरच्या दिवसांबद्दल एक तक्रार आहे. ऑपरेशननंतर मशीन चालूही केलेलं नसताना बाबा एकदम छान चालायला लागले, सगळे खूश, नातेवाइकांना फोन झाले. आणि मग हळूहळू सगळं परत आलं, थरथर सुद्धा. आमची झोप उडाली, वाटलं वायर हलली. प्रत्यक्षात हे अगदी नेहमीचं आहे, वायर जाताना त्या भागाला थोडी सूज येते, धक्का बसतो आणि त्यानेच लक्षणं तात्पुरती दबतात, सूज उतरली की परत येतात. मशीन साधारण दोन ते चार आठवड्यांनी चालू करतात ते त्यासाठीच, सूज असताना केलेलं सेटिंग टिकत नाही. हॉस्पिटलने हे दोन वाक्यांत आधी सांगितलं असतं तर आम्ही एवढे घाबरलो नसतो. तुम्ही आता वाचलंय, लक्षात ठेवा.

आता प्रोग्रॅमिंग. यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे कारण याबद्दल कुणीच बोलत नाही. वायरच्या टोकाला चार कॉन्टॅक्ट, म्हणजे करंट बाहेर सोडणाऱ्या जागा, असतात, नवीन डिरेक्शनल वायरमध्ये मधले दोन तीन-तीन तुकड्यांत विभागलेले म्हणजे एकूण आठ, आणि त्यामुळे करंट एका दिशेला ढकलता येतो. पहिल्या भेटीत पेशंट ऑफमध्ये लागतो. प्रोग्रॅमर एकेक कॉन्टॅक्ट घेऊन करंट थोडा थोडा वाढवत जातो, कुठल्या पातळीला मनगट सैल होतं आणि कुठल्या पातळीला त्रास सुरू होतो ते लिहून ठेवतो. त्रास कुठला होतो त्यावरून वायरच्या आजूबाजूला काय आहे ते कळतं. तोंड एका बाजूला ओढलं किंवा जीभ जड झाली तर करंट हालचालीच्या मोठ्या नाड्यांकडे सांडतोय, हाताला मुंग्या आल्या आणि राहिल्या तर संवेदनेच्या मार्गाकडे, एकाचे दोन दिसायला लागले तर डोळ्याच्या नसेकडे. फ्रिक्वेन्सी बहुतेक १३० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १३० वेळा, प्रत्येक पल्स ६० मायक्रोसेकंदांची, आणि करंट अगदी कमीपासून सुरू. मग पुढच्या अनेक भेटींत थोडं वर, थोडं खाली, एका बाजूने गोळी कमी, दुसऱ्या बाजूने करंट जास्त. तंबोरा लावण्यासारखं आहे ते, एक तार चढवली की दुसरीकडे परत कान द्यावा लागतो.

प्रत्येक लक्षणाचा वेग वेगळा असतो हे कळलं की माणूस धीर धरतो. आखडलेपणा काही सेकंदांत सुटतो, थरथरही बरेचदा लगेच, संथपणाला तास लागतात, चालण्याला दिवस ते आठवडे. त्यामुळे प्रोग्रॅमरच्या खोलीत सगळं छान आणि घरी आल्यावर पाय जड, असं होऊ शकतं, मशीन बिघडलेलं नसतं. नीट बसायला तीन ते सहा महिने धरूनच चाला. आम्हाला सुरुवातीला जिथे पाठवलं तिथे प्रोग्रॅमिंगला एवढी गर्दी की पाच मिनिटांत नंबर बदलून बाहेर, बाबांचा हात उत्तम पण बोलणं इतकं पुसट झालं की फोनवर कळायचं नाही. विचारलं तर म्हणाले आजार वाढतोय. आम्ही दुसऱ्या टीमकडे गेलो, त्यांनी शांतपणे सगळे कॉन्टॅक्ट परत तपासले, करंटची दिशा बदलली, आणि बोलणं पूर्वीइतकं परत आलं. तीच वायर, तीच बॅटरी. म्हणून म्हणते, बोलणं किंवा चालणं बिघडलं की आधी सेटिंग तपासून घ्या, आजारावर ढकलू देऊ नका. आणि घरी डायरी ठेवा, किती वाजता गोळी, किती वाजता ऑफ, कधी वळवळ, मोबाईलवर चालण्याचा छोटा व्हिडिओ, प्रोग्रॅमरला याचा उपयोग होतो.

गोळ्या कमी करतानाही घाई नको. बाबांच्या जवळजवळ निम्म्या झाल्या, पण मधे एकदम कमी केल्या तेव्हा ते गप्प गप्प झाले, कशातच रस नाही, डोस थोडा वाढवल्यावर परत माणसात आले. याला अ‍ॅपथी म्हणतात आणि घरच्यांना तो आळस वाटतो. काहींमध्ये उलट होतं, अति उत्साह, पैसे उधळणं, चिडचिड. पहिल्या वर्षात मूडकडे डोळ्यात तेल घालून बघा, निराशेचं बोलणं आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

काय सुधारलं? ऑफचे तास खूप कमी झाले, डिस्कायनेशिया जवळजवळ गेला, रात्री कूस स्वतः बदलतात, सही परत त्यांची सही दिसते. आईला रात्री उठावं लागत नाही, आणि माझ्या हिशोबात ही सगळ्यात मोठी कमाई. काय नाही सुधारलं? बोलणं आधी जेवढं होतं तेवढंच, शब्द पटकन आठवण्यात थोडी ढिलाई आलीय. तोल तसाच. ऑनमध्येही पाय जमिनीला चिकटायचे ते अजून चिकटतात, फिजिओथेरपी चालूच आहे. आजार पुढे सरकणं यामुळे थांबतं असं कुठेही सिद्ध झालेलं नाही, आणि कुणी तसं सांगत असेल तर तिथून उठा.

धोके आहेत आणि ते समोर बसून विचारा. मेंदूत रक्तस्राव साधारण शंभरात एक-दोघांना होऊ शकतो, त्यातल्या काहींना कायमचं नुकसान. इन्फेक्शन त्याहून जास्त वेळा, बहुतेक बॅटरीच्या जागी, आणि कधीकधी सगळं काढून परत बसवावं लागतं. ज्या टीमला विचाराल त्यांचे स्वतःचे आकडे मागा, चांगली टीम देते.

रोजच्या जगण्यातली काही पथ्यं पक्की आहेत. फिजिओमध्ये जो खोल शेक देतात, डायथर्मी, तो कधीच नाही, वायर तापून मेंदूला इजा होऊ शकते, बाबांच्या फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय. एमआरआय लागला तर आधी डीबीएस टीमला विचारून, मशीन त्या मोडमध्ये टाकून. दुसरं कुठलंही ऑपरेशन किंवा दाताचं काम असेल तर आधी सांगायचं. विमानतळावर इम्प्लांट कार्ड दाखवायचं. आणि एक गोष्ट जी फार कमी जणांना माहीत आहे, पोहणं. स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी नऊ पेशंटची नोंद छापली होती, सगळे आधी चांगले पोहणारे, डीबीएसनंतर चालणं सुधारलं पण पाण्यात हातपायांचा मेळ गेला. त्यामुळे पट्टीचा पोहणारा असला तरी एकट्याने खोल पाण्यात जाऊ देऊ नका.

पार्किन्सन सोडून बाकीच्यांसाठी थोडक्यात. इसेन्शियल ट्रेमरला, म्हणजे पार्किन्सन नसताना हात थरथरण्याच्या आजाराला, थॅलॅमसमध्ये वायर घालतात आणि निकाल झटपट दिसतो. डिस्टोनियाला, म्हणजे स्नायू आपोआप पिळवटून अंग वाकडं होतं त्या आजाराला, ग्लोबस पॅलिडसमध्ये, तिथे मात्र आठवडे, महिने वाट बघावी लागते, विशेषतः डीवायटी-१ या जनुकीय प्रकारातल्या मुलांना खूप फायदा झालेला आहे, त्यांच्या आईवडिलांनी पहिल्या महिन्यात निराश होऊ नये. एपिलेप्सीसाठी (फिट्स) आणि फार चिवट ओसीडीसाठीही (तेच विचार आणि कृती परत परत येण्याचा मानसिक आजार) होतं, पण तिथे निवड आणखी काटेकोर. कवटी न उघडता फोकस्ड अल्ट्रासाऊंडने थरथर थांबवायचा पर्यायही आहे, वायर नाही, बॅटरी नाही, पण तिथे तो भाग कायमचा जाळतात, नंतर कमीजास्त करता येत नाही. बाबांना दोन्ही बाजूंचा त्रास आणि पुढे बदलत जाणारा आजार, म्हणून आम्ही कमीजास्त करता येणारं घेतलं.

बॅटरीचं शेवटी. साधी घेतली तर साधारण तीन ते पाच वर्षांनी बदलायचं छोटं ऑपरेशन, रिचार्जेबल पंधरा वर्षं किंवा जास्तही चालते पण नियमित चार्ज करायला हवी, आणि ते करणारं घरात कुणीतरी हवं. बॅटरी अचानक संपली तर लक्षणं फार जोरात परततात, हॉस्पिटलात न्यावं लागतं, त्यामुळे लेव्हल बघायची सवय आई आणि मी दोघींनी लावून घेतलीय, रिमोट दोघींना चालवता येतो. आता नवीन बॅटऱ्या मेंदूतले बीटा सिग्नल, म्हणजे पार्किन्सनमध्ये वाढणाऱ्या विद्युत लहरी, वाचून करंट स्वतःच कमीजास्त करतात, अशा अ‍ॅडॅप्टिव्ह डीबीएसला २०२५ च्या सुरुवातीला युरोप आणि अमेरिकेत मंजुरी मिळाली. बाबांच्या बॅटरीत सिग्नल वाचायची सोय आहे पण सध्याचं सेटिंग छान चाललंय, म्हणून टीमने घाई नको म्हटलंय, पुढच्या व्हिजिटला त्यावर बोलणार आहोत.